नैराश्याच्या गोळ्या वर्षानुवर्षे चालू असतील तर: ठेवाव्यात, कमी कराव्यात की थांबवाव्यात?

नैराश्य, सततची चिंता, अचानक उसळणारी भीती किंवा मंत्रचळ यांपैकी एखाद्या त्रासासाठी सुरू झालेली गोळी पाच-दहा वर्षे चालू आहे, मूळ त्रास बराचसा ओसरला आहे, चिठ्ठी मात्र जुनीच आहे आणि औषधाच्या दुकानातून दर महिन्याला तीच पट्टी आणली जाते, अशी स्थिती आज अनेक घरांत आढळते. अशा वाचकांच्या शंकाही थोड्याफार फरकाने सारख्याच असतात. आता बरे वाटत असताना गोळी कशासाठी घ्यायची, ती आयुष्यभर घ्यावी लागणार का, तिची सवय लागली आहे का, आणि दोन दिवस गोळी चुकली की चक्कर येते याचा अर्थ आजार अजून आत आहे असा घ्यायचा का, हे प्रश्न वारंवार विचारले जातात.

या प्रश्नांना सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. काहींनी औषध दीर्घकाळ चालू ठेवणे हिताचे असते, काहींना ते सावकाश थांबवता येते, तर काहींना कमी मात्रेवर स्थिर राहणे मानवते. हे तिन्ही मार्ग योग्य ठरू शकतात. घातक ठरतात त्या दोन गोष्टी, एक म्हणजे कोणताही फेरविचार न होता केवळ प्रघात म्हणून चालत राहिलेले औषध आणि दुसरी म्हणजे कोणालाही न सांगता एका दिवसात बंद केलेले औषध. म्हणून पुढील मजकूर वाचून कोणीही आजची गोळी चुकवू नये. आपल्या मनोविकारतज्ज्ञांशी बोलण्यापूर्वीची तयारी म्हणून त्याचा उपयोग करावा.

आधी आपले औषध ओळखा

ज्याला घरात ‘झोपेची गोळी’ किंवा ‘डोक्याची गोळी’ म्हटले जाते ते औषध पुष्कळदा झोपेचे नसतेच. अँटीडिप्रेसंट म्हणजे नैराश्यरोधक औषधांचे अनेक गट असून प्रत्येकाचा गुणधर्म वेगळा असल्यामुळे, पट्टीवरील कंपनीचे नाव बाजूला ठेवून त्याखाली बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचणे ही पहिली पायरी होय.

- एसएसआरआय गट: एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन, पॅरॉक्सेटिन. सर्वाधिक वापर याच गटाचा होतो.
- एसएनआरआय गट: व्हेन्लाफॅक्सिन, डेस्व्हेन्लाफॅक्सिन, ड्युलोक्सेटिन. यांतील काही औषधे मज्जातंतूंच्या वेदनांसाठीही दिली जातात.
- जुना ट्रायसायक्लिक गट: अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन. अमिट्रिप्टिलिन कमी मात्रेत अर्धशिशीसाठीही दिले जाते, त्यामुळे ते चालू असणे म्हणजे नैराश्य असणे असे नव्हे.
- इतर औषधे: मिर्टाझापिन, ब्युप्रोपियॉन.

भारतात एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम ही दोन औषधे एकाच गोळीत एकत्र करून सर्रास विकली जातात, याकडे विशेष लक्ष द्यावे. क्लोनाझेपाम हे बेंझोडायझेपिन गटातील, चिंता आणि निद्रानाश तात्पुरता शमवणारे औषध असून त्याची खरीखुरी सवय लागते, आणि दीर्घकाळ घेतल्यानंतर ते एकाएकी थांबवल्यास झटके येण्याचा धोका असतो. अशी जोडगोळी घेणाऱ्यांनी दोन्ही औषधे एकाच वेळी कमी करू नयेत. कोणते आधी आणि कोणते नंतर, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर पुढील गोष्टी लिहून काढाव्यात:

- औषधाचे मूळ नाव, सध्याची मात्रा आणि ते सुरू झाल्याचे वर्ष;
- ते सुरू करण्याचे कारण आणि त्या वेळची अवस्था, विशेषतः आत्महत्येचे विचार आले होते का;
- आजाराची अशी आवर्तने आजवर किती वेळा आली;
- पूर्वी औषध थांबवून पाहिले असल्यास काय झाले आणि किती दिवसांनी झाले;
- सध्या चालू असलेली इतर सर्व औषधे, त्यांत आयुर्वेदिक आणि होमिओपॅथिक औषधेही आली.

औषध किती काळ घ्यायचे असते

नैराश्याच्या एका आवर्तनातून बाहेर पडल्यावर, म्हणजे लक्षणे गेल्यानंतरही, साधारण सहा महिने ते एक वर्ष औषध त्याच मात्रेत चालू ठेवावे, असा सर्वसाधारण संकेत आहे, कारण आजार उलटण्याचा धोका याच काळात सर्वाधिक असतो. ज्यांना अशी आवर्तने अनेकदा आली आहेत, ज्यांचे आवर्तन फार तीव्र होते किंवा ज्यांची काही लक्षणे अजून शिल्लक आहेत, त्यांना दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ औषध सुचवले जाते. चिंतेच्या विकारांत आणि मंत्रचळात हा काळ बहुधा लांबतो.

औषध थांबवल्यास काय होऊ शकते, याचा अंदाज घेण्यासाठी इंग्लंडमधील एक मोठी चाचणी उपयोगी पडते. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँटलर या चाचणीत, दीर्घकाळ औषध घेणाऱ्या आणि ते थांबवण्याइतके बरे वाटत असलेल्या ४७८ जणांचे दोन गट केले गेले. एका गटाचे औषध चालू राहिले, तर दुसऱ्या गटाचे साधारण दोन महिन्यांत कमी करत थांबवले गेले, आणि आपण कोणत्या गटात आहोत हे सहभागींना सांगितलेले नव्हते. एका वर्षाच्या आत औषध थांबवलेल्यांपैकी ५६ टक्के आणि चालू ठेवलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना नैराश्य पुन्हा झाले.

हे आकडे दोन्ही बाजूंनी वाचावेत. औषधाने धोका खरोखर कमी होतो, हे त्यांतून दिसते. त्याचबरोबर औषध थांबवूनही जवळजवळ निम्मे लोक वर्षभर बरे राहिले आणि औषध चालू असूनही दहांतील चौघांना आजार उलटला, हेही दिसते. म्हणजे गोळी हे संपूर्ण संरक्षण नव्हे आणि गोळी थांबवणे म्हणजे हमखास घसरण नव्हे. निर्णय या दोन टोकांच्या मध्ये, आपल्या आजाराचा इतिहास पाहून घ्यावा लागतो.

चालू ठेवायचे ठरले तर

औषध चालू ठेवण्याचा निर्णय हा पराभव नसून तोही एक पूर्ण निर्णय आहे. मात्र त्याची दर सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा तपासणी झाली पाहिजे. त्या तपासणीत पुढील बाबी निघाव्यात:

- लैंगिक तक्रारी: इच्छा कमी होणे, उत्तेजनात किंवा परमोच्च सुखात अडथळा येणे हे एसएसआरआय आणि एसएनआरआय औषधांचे फार सामान्य परिणाम आहेत. संकोचामुळे ते डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत आणि वैवाहिक ताण म्हणून सोसले जातात. मात्रा किंवा औषध बदलून त्यांवर उपाय होऊ शकतो.
- भावनांचा बोथटपणा: दुःख जसे बोचत नाही तसा आनंदही जाणवत नाही, अशी तक्रार असल्यास ती स्पष्टपणे सांगावी.
- वजन आणि रक्तदाब: मिर्टाझापिन आणि पॅरॉक्सेटिनने वजन वाढू शकते, तर व्हेन्लाफॅक्सिनने रक्तदाब.
- रक्तातील सोडियम: वयस्क व्यक्तींमध्ये, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर, सोडियम घटून गोंधळलेपण, अशक्तपणा किंवा तोल जाणे संभवते. अशी लक्षणे दिसल्यास साधी रक्ततपासणी करावी.
- हृदयाची लय: जास्त मात्रेत ती बिघडू शकत असल्याने एस्सिटालोप्रामची मात्रा ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी सामान्यतः १० मि.ग्रॅ.पर्यंतच ठेवली जाते.

इतर औषधांशी होणारा संघर्ष ही दुसरी महत्त्वाची बाब आहे. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांबरोबर, अॅस्पिरिनबरोबर किंवा रक्त पातळ करणाऱ्या औषधांबरोबर एसएसआरआय घेतल्यास जठरातील रक्तस्रावाचा धोका वाढतो. ट्रामाडॉल हे वेदनाशामक, लिनेझोलिड हे प्रतिजैविक आणि खोकल्याच्या अनेक औषधांत असणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याबरोबर मेंदूतील सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढून थरथर, ताप, घाम आणि गोंधळ अशी गंभीर अवस्था उद्भवू शकते. स्तनांच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये पॅरॉक्सेटिन आणि फ्लुऑक्सेटिन त्या औषधाचा प्रभाव घटवू शकतात. म्हणून दाताच्या डॉक्टरांपासून शल्यचिकित्सकांपर्यंत प्रत्येकाला चालू गोळीचे नाव सांगावे. ते लपवण्यात संकोच टळतो, पण धोका वाढतो.

थांबवण्याचा विचार केव्हा करावा

पुढील गोष्टी जुळून आल्या असतील, तर औषध कमी करण्याचा विषय डॉक्टरांपुढे काढण्यास हरकत नाही:

- किमान सहा महिन्यांपासून लक्षणे जवळजवळ नाहीत आणि झोप, भूक, काम, माणसांत मिसळणे हे सारे सुरळीत आहे;
- आजाराचे हे पहिलेच आवर्तन होते, किंवा दोन आवर्तनांत बराच काळ गेला आहे;
- दुष्परिणामांचा जाच लाभापेक्षा मोठा वाटू लागला आहे;
- पुढचे काही महिने तुलनेने शांत आहेत आणि लक्ष ठेवू शकेल असे एखादे माणूस जवळ आहे.

पुढील परिस्थितीत मात्र हा निर्णय लांबणीवर टाकणे बरे:

- नुकताच वियोग, घटस्फोट, नोकरी जाणे, बदली, परीक्षा किंवा बाळंतपण असा मोठा बदल झाला आहे अथवा होणार आहे;
- पूर्वी आत्महत्येचा प्रयत्न झाला आहे किंवा आवर्तन रुग्णालयात दाखल करण्याइतके तीव्र होते;
- तीन किंवा अधिक आवर्तने येऊन गेली आहेत, किंवा मागच्या वेळी औषध थांबवताच आजार उलटला;
- मूळ निदान द्विध्रुवी विकाराचे, म्हणजे नैराश्य आणि उन्माद आळीपाळीने येणाऱ्या आजाराचे आहे. त्यात औषधांचे गणितच निराळे असल्याने केवळ नैराश्यासाठी दिलेला सल्ला तेथे लागू होत नाही.

मात्रा कशी कमी केली जाते

दीर्घकाळ औषध घेताना मेंदू त्याच्या उपस्थितीशी जुळवून घेतो आणि मात्रा घटली की त्याला पुन्हा जुळवून घ्यावे लागते. औषध सोडताना होणारा त्रास तेथूनच येतो. व्यसनात असते तशी ओढ किंवा मात्रा वाढवत नेण्याची गरज येथे नसते, म्हणून याला व्यसन म्हणता येत नाही. परंतु शरीराला औषधाची सवय होते, हे मान्य करूनच योजना आखावी लागते. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१,००० हून अधिक व्यक्तींची माहिती एकत्र करणाऱ्या एका विश्लेषणात, औषध थांबवल्यावर ३१ टक्के लोकांना काही ना काही त्रास झाल्याचे दिसले. औषधरहित गोळी थांबवलेल्यांमध्येही हे प्रमाण १७ टक्के होते, तर तीव्र त्रास सुमारे ३ टक्के लोकांना झाला. त्या अभ्यासांतील अनेकांनी औषध थोडाच काळ घेतलेले असल्याने, वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी हा आकडा स्वतःला जसाच्या तसा लावून घेऊ नये.

मात्रा आणि परिणाम यांचे नाते सरळ रेषेत नसते, हे येथे समजून घ्यावे लागते. मेंदूच्या छायाचित्रणावर आधारित अभ्यासांनुसार सिटालोप्राम हे औषध २० मि.ग्रॅ. मात्रेत सेरोटोनिन वाहून नेणाऱ्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के व्यापते. मात्रा साधारण निम्मी केल्यावरही हा व्याप सुमारे ७० टक्के आणि साधारण ५ मि.ग्रॅ.वर सुमारे ६० टक्के उरतो. म्हणजे २० वरून ५ मि.ग्रॅ.वर येताना मेंदूच्या दृष्टीने फारसे अंतर कापले जात नाही, आणि ५ वरून शून्यावर येताना मात्र उरलेले सारे अंतर एकदम कापले जाते. ज्या जिन्याच्या वरच्या पायऱ्या बुटक्या आणि तळाची पायरी पुरुषभर उंच आहे, तो जिना उतरण्यासारखे हे आहे. म्हणूनच ‘आता अगदीच थोडी उरली आहे, सोडून देऊ’ असे म्हणून घेतलेला शेवटचा निर्णय अनेकांना सर्वाधिक जड जातो.

यावरून घट करण्याची पद्धत पुढीलप्रमाणे ठरते:

१. पहिली घट लहान ठेवून पाहावी. त्यानंतर दोन ते चार आठवडे थांबून शरीर कसे प्रतिसाद देते ते बघावे.

२. त्रास निवळल्याशिवाय पुढची पायरी उतरू नये. तारखेपेक्षा प्रकृतीचा कौल महत्त्वाचा.

३. मात्रा जितकी खाली, तितकी घट लहान. नमुना म्हणून, रोज २० मि.ग्रॅ. एस्सिटालोप्राम घेणाऱ्यासाठी १५, १०, ७.५, ५, २.५ आणि गरज भासल्यास त्याहूनही खालचे टप्पे डॉक्टर ठरवू शकतात. ज्यांना फार त्रास होतो त्यांच्यासाठी दर महिन्याला त्या वेळच्या मात्रेच्या सुमारे दहा टक्के इतकीच घट सुचवली जाते.

४. कालावधी मोकळा ठेवावा. काहींना काही आठवडे पुरतात. अनेक वर्षे औषध घेतलेल्यांना काही महिने, क्वचित वर्षाहून अधिक काळ लागतो.

५. अडखळल्यास एक पायरी वर जावे. मागच्या मात्रेवर परत जाऊन स्थिर होणे हा योजनेचाच भाग आहे.

औषधाचा प्रकारही विचारात घ्यावा लागतो. शरीरातील औषध निम्मे होण्यास लागणाऱ्या वेळेला अर्धायुकाल म्हणतात. व्हेन्लाफॅक्सिनचा अर्धायुकाल सुमारे ५ तास आणि पॅरॉक्सेटिनचा सुमारे एक दिवस असल्याने ती सोडताना त्रास लवकर आणि ठळक जाणवतो, तर फ्लुऑक्सेटिन आणि त्यापासून शरीरात तयार होणारा घटक कित्येक आठवडे टिकत असल्याने ते तुलनेने सौम्यपणे उतरते. त्याचा त्रास झालाच तर तो उशिरा सुरू होतो. ज्या गोळ्यांतून औषध सावकाश सुटते, म्हणजे ज्यांच्या नावापुढे ‘ईआर’, ‘एक्सआर’ किंवा ‘एसआर’ अशी अक्षरे असतात, त्या कुटू नयेत आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडूही नयेत. लहान मात्रेची गोळी किंवा पातळ औषध मिळते का, ही चौकशी घट सुरू करण्यापूर्वीच करून ठेवावी.

औषध सोडण्याचा त्रास की आजार उलटला?

निर्णयातील सर्वांत मोठी गफलत येथे होते. सोडण्याचा त्रास हा आजार समजला गेला की अकारण पुन्हा वर्षानुवर्षे औषध सुरू होते, आणि आजार हा सोडण्याचा त्रास समजला गेला की मदत उशिरा पोहोचते. पुढील खुणा उपयोगी पडतात:

- सुरुवात: सोडण्याचा त्रास मात्रा घटल्यापासून बहुधा काही दिवसांत सुरू होतो, आजार सहसा काही आठवडे ते महिन्यांनी आणि हळूहळू परततो.
- स्वरूप: चक्कर, मळमळ, घाम, विचित्र स्वप्ने, अंगात किंवा डोक्यात क्षणभर वीज चमकल्यासारखे वाटणे ही लक्षणे मुळात नैराश्याची नसून औषध सोडल्याची आहेत. उदासी, रडू येणे, चिडचिड आणि झोप उडणे मात्र दोन्हींत दिसते.
- मात्रा परत घेतल्यावर: सोडण्याचा त्रास एक-दोन दिवसांत झपाट्याने कमी होतो, आजार उलटला असेल तर औषधाला गुण द्यायला आठवडे लागतात.
- काळ: सोडण्याचा त्रास अनेकांमध्ये एक-दोन आठवड्यांत निवळतो, काहींमध्ये तो महिनोन्महिने टिकतो, म्हणून केवळ लांबला यावरून तो आजारच आहे असे ठरवू नये.

यासाठी रोज रात्री दोन ओळींची नोंद ठेवावी: मात्रा, झोप, मनःस्थिती आणि शारीरिक लक्षणे. मागील दोन आठवड्यांतील त्रासावर नऊ प्रश्न विचारणारी पीएचक्यू-९ ही प्रश्नावली दर पंधरा दिवसांनी भरल्यास बदल आकड्यांत दिसतो. तिचे गुण ० ते २७ असून पाचच्या खाली राहणे हे चांगले लक्षण मानले जाते. जगणे नकोसे झाल्याचा विचार मनात आला, तर मात्र नोंदी आणि गुण बाजूला ठेवून त्याच दिवशी मदत घ्यावी.

नेहमी होणाऱ्या चुका

- एक दिवसाआड गोळी घेणे. फ्लुऑक्सेटिनसारखे दीर्घकाळ टिकणारे औषध वगळता, यामुळे रक्तातील औषध रोज वर-खाली होत राहते आणि त्रास वाढतो. रोजची मात्रा लहान करणे हाच योग्य मार्ग होय.
- उपवास आणि यात्रा. श्रावणात किंवा नवरात्रात उपवास म्हणून गोळी टाळणे, रोज्यांच्या महिन्यात वेळ न बदलता ती सोडून देणे, वारीला किंवा गावाकडच्या लग्नाला जाताना पट्टी घरी राहणे, या कारणांनी न ठरवताच औषध बंद होते. बहुतेक गोळ्यांची वेळ आधी विचारून बदलून घेता येते.
- चुकलेल्या गोळीच्या बदल्यात दोन घेणे. असे करू नये. पुढची गोळी नेहमीच्या वेळी घ्यावी.
- लग्न ठरले म्हणून किंवा दिवस गेले म्हणून एकदम थांबवणे. गरोदरपणात औषधाचे धोके असतात, तसेच उपचाराविना राहिलेल्या नैराश्याचेही असतात. पॅरॉक्सेटिन शक्यतो टाळले जाते, तर स्तनपानाच्या काळात सर्ट्रालिनला अनेकदा पसंती दिली जाते. म्हणून शक्य असल्यास दिवस राहण्यापूर्वीच औषधाची फेररचना करून घ्यावी.
- गोळीच्या जागी दारू. झोप लागत नाही म्हणून घेतलेली दारू नैराश्य वाढवते आणि लक्षणांचा उलगडाही होऊ देत नाही.
- परदेशी जाताना कागद न नेणे. नोकरीसाठी किंवा मुलांकडे जाणाऱ्यांनी मूळ औषधांची नावे असलेली ताजी चिठ्ठी जवळ ठेवावी. आखाती देशांत क्लोनाझेपामसारख्या औषधांवर कडक नियंत्रण असून पूर्वपरवानगी लागू शकते, त्यामुळे प्रवासाआधी त्या देशाचे नियम पाहावेत.

गोळी कमी होताना दुसरा आधार

औषध थांबवणे म्हणजे उपचार थांबवणे असे समजू नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४२४ जणांचा समावेश असलेल्या एका ब्रिटिश चाचणीत, सजगतेवर आधारित बोधात्मक उपचार घेत औषध कमी करणाऱ्यांपैकी ४४ टक्के आणि औषध चालू ठेवणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोकांना दोन वर्षांत आजार उलटला. दोन्ही गटांत लक्षणीय फरक आढळला नाही. या उपचारात साधारण आठ आठवडे गटाने बसून, उदास विचार मनात येताच त्यांच्यामागे वाहवत न जाता त्यांना ओळखण्याचा सराव केला जातो. तो जवळपास उपलब्ध नसेल, तर प्रशिक्षित समुपदेशकाकडून बोधात्मक वर्तन उपचार किंवा महाराष्ट्रात बऱ्यापैकी परिचित असलेला विवेकनिष्ठ मानसोपचार घेता येतो. हे उपचार औषध कमी करण्याआधी सुरू झालेले बरे, कारण पडझड सुरू झाल्यावर नवे कौशल्य शिकणे कठीण असते. ठरावीक वेळची झोप, रोजचे चालणे आणि माणसांचा सहवास यांची जोडही हवी.

कायद्याने मिळालेले हक्क

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ हा कायदा २९ मे २०१८ पासून भारतात लागू असून त्यातील काही तरतुदी या निर्णयाशी थेट निगडित आहेत:

- निर्णयाचा हक्क: उपचारांची माहिती समजून घेऊन, परिणाम जाणून आपले मत सांगू शकणारी व्यक्ती स्वतःच्या उपचारांचा निर्णय घेण्यास सक्षम मानली जाते (कलम ४). मानसिक आजार असल्याने कोणी आपोआप ‘वेडसर’ ठरत नाही. तसे केवळ सक्षम न्यायालयच ठरवू शकते (कलम ३).
- माहिती आणि नोंदी: आजाराचे स्वरूप, प्रस्तावित उपचार आणि त्याचे ज्ञात दुष्परिणाम समजावून घेण्याचा हक्क कलम २२ देते, तर स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी मिळण्याचा हक्क कलम २५ देते. डॉक्टर बदलताना याचा उपयोग होतो.
- गोपनीयता: कायद्यातील मोजके अपवाद वगळता, आपल्या आजाराची माहिती नोकरीच्या ठिकाणी किंवा नातेवाइकांना परस्पर देता येत नाही (कलम २३).
- पूर्वसूचना आणि प्रतिनिधी: पुढे कधी निर्णयक्षमता गेली तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत, हे आधीच लेखी सांगून ठेवता येते (कलम ५) आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमता येते (कलम १४).
- परवडणारे औषध: अत्यावश्यक औषधांच्या यादीतील मानसिक आजारांची औषधे ग्रामीण रुग्णालयांच्या स्तरापासून पुढच्या सरकारी आरोग्यसंस्थांत विनामूल्य मिळणे अपेक्षित आहे (कलम १८). खासगी खरेदीत जनऔषधी केंद्रांतील जेनेरिक गोळ्या बऱ्याच स्वस्त पडतात.
- विमा: शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांसाठीही विमासंरक्षण देणे कंपन्यांवर बंधनकारक आहे (कलम २१). विमा अर्जात चालू औषध लपवू नये. लपवाछपवी उघड झाल्यास दावा नाकारला जाण्याची शक्यता असते.

सेवा मिळाली नाही किंवा सदोष मिळाली, तर प्रथम त्या संस्थेच्या प्रमुखांकडे आणि नंतर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे तक्रार करता येते. खासगी सल्ला परवडत नसल्यास महाराष्ट्रात जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य विभाग तसेच ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालयांचे बाह्यरुग्ण विभाग, तर गोव्यात बांबोळी येथील मनोविकार व मानवी वर्तन संस्था यांचा पर्याय आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतूनही उपलब्ध असते. जिवाला धोका असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा जवळचे रुग्णालय गाठावे.

घरच्यांनी काय करावे

घट चालू असताना घरच्या एका तरी व्यक्तीला योजना माहीत असावी. तिने ‘गोळ्या कशाला, मन खंबीर कर’ असेही म्हणू नये आणि प्रत्येक चिडचिडीवर ‘आज गोळी घेतली का’ असेही विचारू नये. झोप उडणे, अंघोळ टाळणे, फोन न उचलणे, सामानाची वा पैशांची निरवानिरव करणे अशा खुणा मात्र तिने टिपाव्यात आणि कोणत्या खुणेवर डॉक्टरांना कळवायचे, हे औषध घेणाऱ्या व्यक्तीशी आधीच बोलून ठरवून घ्यावे.

पुढच्या भेटीत विचारावयाचे प्रश्न

- माझे निदान नेमके काय होते आणि आज ते कायम आहे का?
- औषध चालू ठेवण्याचा माझ्या बाबतीत काय लाभ आहे आणि थांबवण्याचा काय धोका?
- कमी करायचे असल्यास पहिली घट किती, पुढची केव्हा आणि सर्वांत लहान मात्रा कोणत्या स्वरूपात मिळेल?
- या गोळीत क्लोनाझेपाम किंवा दुसरे औषध मिसळलेले आहे का?
- मध्येच त्रास झाला तर कोणाला आणि कोणत्या वेळी फोन करायचा?
- फेरतपासणीची पुढची तारीख कोणती?

या प्रश्नांना वेळ न देता केवळ ‘चालू ठेवा’ किंवा ‘बंद करा’ एवढेच उत्तर मिळाले, तर दुसऱ्या मनोविकारतज्ज्ञांचे मत घेण्यात गैर काही नाही. पूर्ण प्रयत्नानंतर औषध पुन्हा सुरू करावे लागले, तरी तो प्रयत्न वाया गेलेला नसतो; कोणत्या मात्रेपर्यंत प्रकृती स्थिर राहिली, कोणत्या पायरीवर ती ढासळली आणि आजार परतताना आधी कोणती खूण दिसली, ही माहिती त्यातून हाती येते आणि पुढची योजना, मग ती कमी मात्रेवर थांबण्याची असो की अधिक सावकाश उतरण्याची, तिच्याच आधारे आखली जाते.